रात्री बाहेर पडायला कारण लागतं

परंड्यात 'नाइट' हा शब्द लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. 'या आठवड्यात आमची नाइट हाय' असं शेतकरी म्हणाला की समजायचं, शेतीच्या लाईनला थ्री फेज रात्रीची आहे आणि त्याला बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं आहे. एसटीच्या कंडक्टरची नाइट म्हणजे खेड्यातला मुक्काम, गाडीतच अंथरूण. गळिताच्या हंगामात ऊसतोडीच्या कोयत्याला तर दिवस-रात्र असा फरकच नसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे तीनला उठून भाकरी करते आणि रात्री ट्रक आला की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. 2024 च्या अखेरीस टिपेश्वरहून चालत आलेला वाघ येडशी-रामलिंगच्या जंगलात कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा आमच्याकडं काळजी पर्यटकांची नव्हती. रात्री दारं धरणाऱ्यांची होती.

त्यामुळं 'नाइट लाईफ' हा जोडशब्द आमच्या स्टाफरूममध्ये पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा सगळ्याजणी हसल्या. आम्ही सहाजणी, वयं बेचाळीस ते सत्तावन्न. जानेवारीत दोन रजा शनिवार-रविवारला जोडून गोव्याला जायचं ठरत होतं. ग्रंथालयाच्या बाईंनी मोबाईलवर यादी वाचायला घेतली : बीच क्लब, कॅसिनो, क्रूझ, रात्रबाजार. वाचता वाचता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आपल्या परंड्याची अशी यादी केली तर काय निघंल गं?"

मी ती यादी मनातल्या मनात करून पाहिली. समजा, बाहेरगावचा कुणी संध्याकाळी सातला कुर्डुवाडी नाहीतर बार्शीकडून येऊन परंड्यात उतरला. स्टँडवर चहा मिळेल, भेळ मिळेल, ऑम्लेट-पावाचा गाडा असेल. किल्ला बाहेरून बघता येईल. खंदक, जोडतटबंदी आणि बुरूज चांदण्यात फार देखणे दिसतात. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ पूर्वी याच किल्ल्यात होती. 1632 साली ती तिकडं नेली. अहमदनगर पडल्यावर निजामशाहीचा दरबार काही काळ इथं होता. म्हणजे रात्रीचे पहारे, मशाली, सराया, सगळं या गावानं एके काळी पाहिलेलं आहे. आता आठ वाजता शटरं पडायला लागतात. ख्वाजा बद्रुद्दीन यांच्या दर्ग्याचा उरूस असला, चैत्रात सोनारीच्या भैरवनाथाची यात्रा असली किंवा एखाद्या वस्तीवर सप्ताह बसला असला, तर पाहुण्याचं नशीब. नाहीतर खोलीवर जाऊन झोपावं.

पण ही यादी पुरुष पाहुण्याची झाली. गावातल्या पुरुषाची त्याहून लांब असते. पारावर बसणं, धाब्यावर जाणं, मित्राच्या शेतात पार्टी करणं. इथून गाडी काढली की एका अंगाला जामखेड आणि दुसऱ्या अंगाला मोडनिंब. दोन्हीकडं कला केंद्रं आहेत, बैठकीची लावणी आहे. तिथल्या बायकाही रात्री जाग्या असतात, पण ती त्यांची कामाची वेळ. पैसे मोजून बसलेल्यांची ती करमणूक. घरी त्यांची वाट बघणाऱ्या बायका जाग्या असतात, त्यांच्या जागण्याला तर काहीच नाव नाही.

बाईनं रात्री घराबाहेर असायला आमच्याकडं बंदी नाही, असं मी जबाबदारीनं म्हणते. फक्त कारण लागतं. बाळंतपण, मयत, दवाखाना, लग्न, कीर्तन, ऊस. आणि तुळजापूर. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की भवानी पलंगावर निद्रेला जाते, श्रमनिद्रा म्हणतात तिला, आणि कोजागरीला उठते. तिच्या त्या पौर्णिमेसाठी सोलापूरकडून रात्रभर माणसं चालत येतात आणि त्यांत बायका भरपूर असतात. मी दोनदा चाललेय. रात्री दोनच्या सुमाराला रस्त्याकडेला, अनोळखी माणसांनी लावलेल्या मांडवात बसून फुकटचा चहा पिताना पायाला फोड आलेले असतात आणि मन इतकं हलकं असतं की सांगता येत नाही. एरवी घराबाहेर आठला 'कुठं निघालाव?' विचारणारी माणसं त्या रात्री हात जोडतात. कारण देवीचं असलं की प्रश्न संपतो. वर्षातून एकदाच.

कायद्यालाही हे कारण लागत होतंच. 1948 च्या कारखाना कायद्यानं बायकांच्या कामाची वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 अशी आखली होती. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि मालकानं सुरक्षेची व्यवस्था करणं, अशा अटी आहेत. यामागं काळजी आहे, मी नाकारत नाही. पण कामासाठी का होईना, रात्रीचं दार कायद्यानं किलकिलं केलं. बिनकामाच्या रात्रीचा विचार कुठल्या कायद्यात येणार?

ही गोष्ट माझ्यापुरती असती तर मी लिहिलंही नसतं. माझी रात्र माझ्या वयाबरोबर सरत आली. पण मी ज्यांना शिकवते त्या मुलींचं काय, हा प्रश्न आहे. गावात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका निघाल्या आहेत. त्यांतल्या एकीच्या दारावर कागद चिकटवलेला होता : 'मुले - 24 तास. मुली - सकाळी 7 ते सायं. 7.' फी दोघांना सारखीच. आमच्या गणिताच्या बाईंनी एकदा फळ्यावर हिशेब मांडला होता. मुलगा रात्री अकरापर्यंत बसतो असं धरलं तर रोजचे चार तास जास्त. वर्षाचे 1460. घरी गेलेली मुलगी हे तास अभ्यासात घालवते असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्याकडच्या घरातली संध्याकाळ बघितलेली नाही. पेपर मात्र दोघांना एकच असतो.

तर आम्ही गेलो. परंडा, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज आणि मग आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरून खाली. ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर गावातलाच, नात्यानं माझा भाचा लागतो. त्याला बरोबर धाडण्यामागं घरच्यांचा काय विचार होता हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्यालाही. पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, "मावशी, मी गाडीत झोपतो. लागलं तर फोन करा." एवढ्यासाठी मी त्याचे उपकार मानते.

पहिली रात्र पणजीची. सांता मोनिका जेटीवरून मांडवीत तासाभराची फेरी असते. बोटीच्या वरच्या मजल्यावर कोकणी नाच दाखवतात, मग निवेदक आधी मुलांना, मग जोडप्यांना, मग नुसत्या पुरुषांना, मग नुसत्या बायकांना नाचायला बोलावतो. आम्ही सहाच्या सहा उठलो. गाणं हिंदी होतं, आम्ही फुगडी घातली. कुणी हसलं नाही. एक पंजाबी आजी येऊन सामील झाल्या. गोव्याच्या रात्रीतला हा सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत साधा पर्याय. सहकुटुंब जाणाऱ्याला मी डोळे मिटून सांगेन.

त्याच नदीत दिव्यांनी मढवलेली कॅसिनोची जहाजं उभी असतात. आत जायला वय 21 पूर्ण लागतं. आणि अजून एक अट आहे, जी मला फार विचार करायला लावून गेली : गोव्याच्या माणसाला खेळायला आत प्रवेश नाही. 1 फेब्रुवारी 2020 पासून ही बंदी अमलात आली. पर्यटकानं खेळावं, गोंयकारानं नोकरी करावी. हे काही गोव्यानं शोधून काढलेलं नाही. भूमध्य समुद्राकाठच्या मोनॅको या चिमुकल्या संस्थानानं 1863 मध्ये कॅसिनो उघडला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. पुढं पैसा इतका आला की 1869 मध्ये नागरिकांचा प्राप्तिकर रद्द झाला. पण मोनॅकोच्या नागरिकांना त्या कॅसिनोत जुगार खेळायला मनाई आहे. झगमगत्या किनाऱ्यांवरची रात्र ही अशी असते. जो तिथं राहतो त्याच्यासाठी ती बनवलेली नसते. मला आमच्याकडचा साखर कारखाना आठवला, जिथं ऊसतोड करणाऱ्या बाईच्या चहात साखर कमीच असते.

दुसऱ्या रात्री बागा. तिथली क्लबांची गल्ली रात्री दहानंतर जागी होते. दारावरचे आडदांड पोरगे एकट्या पुरुषांना अडवत होते, जादा पैसे सांगत होते. आम्हाला मात्र हसून म्हणाले, "लेडीज फ्री." गणिताच्या बाई खूष झाल्या. ग्रंथालयाच्या बाईंनी त्यांचा हात धरून मागं ओढलं. "बाई, जे आपल्याला फुकट आत घेतात, ते आपल्याला गिऱ्हाईक धरत नाहीत." आम्ही रस्त्यावरच उभ्या राहून दोन मिनिटं यावर बोललो. मोडनिंबच्या बैठकीत बाई पैसे घेऊन नाचते, इथं बाई फुकट आत जाते. पुरुषानं पैसे मोजावेत म्हणून दोन्हीकडं तिची सोय केलेली. तरीही अर्धा तास आम्ही आत जाऊन आलो. बघायचंच होतं. छातीत धडधडेल एवढा आवाज, धूर, आणि त्यात डोळे मिटून एकट्याच नाचणाऱ्या दोन मुली. त्या कुणासाठी नाचत नव्हत्या, हे बघताक्षणी कळत होतं. त्या दोघींसाठी तरी ते ठिकाण असावं असं मला वाटलं.

हडफडे तिथून जवळच. 6 डिसेंबर 2025 च्या रात्री तिथल्या एका नाइटक्लबला आग लागून 25 माणसं गेली. आम्ही गेलो तेव्हा त्याला जेमतेम महिना झाला होता. गेलेल्यांत पर्यटक थोडे. बहुतेक सगळे तिथं राबणारे होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ, कुठून कुठून आलेली पोरं. आपण ज्याला रात्रीची मजा म्हणतो तिच्या खालच्या मजल्यावर कुणीतरी कांदा चिरत असतं. बाहेर पडायचा रस्ता आधी कुणाला सापडेल याचा विचार इमारत बांधतानाच व्हायला हवा असतो. त्या रात्रीनंतर आम्ही जिथं जिथं आत गेलो तिथं आधी दुसरं दार कुठं आहे ते बघितलं. जाणाऱ्या प्रत्येकानं ते बघावं, आणि वाढपी पोराला त्याचं गावही विचारावं. तेवढ्यानं काही बदलत नाही, पण तो माणूस आहे हे आपल्या लक्षात राहतं.

साडेबाराला आम्ही कळंगुटच्या वाळूवर येऊन बसलो. पैंजण, मण्यांच्या माळा विकणारी एक लमाणी बाई आली. गदगकडची. हिंदी, कानडी, मराठी मिसळून बोलत होती. माल दाखवायच्या आधी तिनं विचारलं, "माणसं कुठं हायत तुमची?"

"घरी."

"आन् तुमी हितं? काय काम काढलं?"

"काही नाही. बसलोय."

तिला आधी ते खरं वाटलं नाही. मग ती हसली, टोपली खाली ठेवली आणि आमच्या शेजारी बसली. सहा वर्षं या वाळूवर येते, म्हणाली, पण समुद्राकडं तोंड करून बसले नव्हते. गिऱ्हाईक पाठीमागच्या बाजूनं येतं. पाच मिनिटं बसली असेल. समुद्र काळाच होता, फेसाची रेघ तेवढी दिसत होती. मग ती उठली, कारण रात्रीचे दोन तास अजून धंद्याचे होते. आम्ही प्रत्येकीनं एकेक माळ घेतली. भाव केला नाही.

तिथं बसून मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की मी गोव्याला काय बघायला आले होते. दिवे परंड्यातही असतात, गाणीही असतात. ज्या रात्रीला माझ्याकडून कारण नको आहे, अशी एक रात्र मला बघायची होती. ती बघायला मला चार जिल्हे ओलांडावे लागले, पैसे भरावे लागले आणि 'पर्यटक' व्हावं लागलं. त्या लमाणी बाईला ती तिथं राहूनही मिळालेली नाही. गोव्यातल्या खेड्यातल्या मुलीला तरी ती कितपत मिळत असेल? ही सूट गावाची नसतेच, पाहुण्याची असते.

तिसऱ्या रात्री दक्षिणेला, काणकोणच्या पाळोळे किनाऱ्यावर गंमत पाहिली. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे. तिथल्या लोकांनी त्यावर तोड काढली ती हेडफोनची. शे-दोनशे माणसं कानाला हेडफोन लावून नाचतायत आणि बाहेरून बघणाऱ्याला ऐकू येतो फक्त पावलांचा आणि लाटांचा आवाज. नियम तोच, जो आमच्या उरुसातल्या कव्वालीला आणि सप्ताहातल्या कीर्तनालाही लागू आहे. सणावारी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, एवढंच. मला त्या मुक्या नाचाचं हसू आलं आणि कौतुकही वाटलं. अडचण नियमाची असली तर माणसं काही ना काही वाट काढतात. अडचण 'लोक काय म्हणतील' ही असली की मात्र कुणी हेडफोन शोधत नाही.

परत येताना सांगोल्याच्या पुढं चहाला थांबलो तेव्हा गणिताच्या बाईंनी विषय काढला. म्हणाल्या, "1460 तास." एवढंच. बाकीचं पंढरपूर येईपर्यंत ठरलं.

अभ्यासिकेच्या मालकाला आम्ही जाऊन भेटलो. माणूस वाईट नाही. त्याची भीती खरी होती : काही झालं तर जबाबदार कोण? मुलींच्या घरून कुणी बोललं तर? आम्ही म्हणालो, आम्ही सहाजणी आहोत, आठवड्याचे सहा दिवस आहेत. रोज एक जण सात ते दहा तिथं बसेल, आपले पेपर तपासेल. दहाला मुलींना घेऊन निघू, एकेकीला दारात सोडू. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बाई, खर्ची जरा बरी आणून ठेवतो." घरोघरी जाऊन बोलायला आठवडा लागला. एका आजोबांनी विचारलं, "तुमच्या घरचे काय म्हणत्यात?" मी सांगितलं, घरचे म्हणतात भाजी गरम करून घेऊ.

फेब्रुवारीत सुरुवात केली तेव्हा अकरा मुली होत्या, आता एकोणीस आहेत. अडचणी आल्या त्या आम्ही धरल्या होत्या त्यापेक्षा निराळ्या. मोठी अडचण कुत्र्यांची आहे. दुसरी, किल्ल्याकडच्या वळणावरचा दिवा महिन्यातून पंधरा दिवस बंद असतो. त्याचा अर्ज मुलींनीच लिहिला, सरावासाठी म्हणून औपचारिक पत्राच्या नमुन्यात. एकीची सासू गुडघ्यासाठी चालायचं म्हणून येऊ लागली आणि आता तिच्याबरोबर तिच्या दोन जावा असतात. चहाचा गाडा साडेनऊला आवरणारा माणूस दहापर्यंत थांबतो. गिऱ्हाईक वाढलं म्हणून थांबतो, उपकार करायला नव्हे, आणि हे मला जास्त बरं वाटतं.

म्हणजे कुणी पाहुणी उद्या परंड्यात आली आणि तिनं विचारलं, की रात्री इथं काय असतं, तर आता माझ्याकडं सांगायला काहीतरी आहे. दहाला अभ्यासिकेच्या दारात या. आमच्याबरोबर चाला. वाटेत किल्ला लागतो, चांदणं असलं तर बुरूज दिसतात, तोफांची गोष्ट सांगू. आलं घातलेला चहा मिळेल. पाऊण तासाचा फेरा आहे.

मागच्या आठवड्यात चाचणी लवकर संपली तर मुली म्हणाल्या, बाई, स्टँडवर आईस्क्रीम खाऊ. पावणेदहा झाले होते. आम्ही तेरा-चौदा जणी कोन हातात धरून रस्त्याच्या कडेनं येत होतो, तेवढ्यात ओळखीच्या एका गृहस्थांनी मोटारसायकल थांबवली. काळजीनंच विचारलं, "काय झालं बाई? एवढ्या रातचं कुठनं आलाव?"

मी उत्तर द्यायच्या आत माझ्या मागची मुलगी म्हणाली, "काही नाही काका, आईस्क्रीम."

ते क्षणभर तसेच उभे राहिले, मग 'बरं बरं' म्हणून त्यांनी गाडीला किक मारली. आम्ही पुढं निघालो.